घरी आणलेल्या कुत्र्याचं पुढं काय?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिला आणि त्यावर गावोगाव वाद झाले. अकरा दिवस आधी दोन न्यायमूर्तींच्या पीठानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितलं होतं. नव्या आदेशानं ते बदललं. नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक औषध झाल्यावर कुत्रं होतं तिथंच सोडावं, पिसाळलेलं किंवा अंगावर धावून येणारं मात्र सोडू नये, असं ठरलं. भांडणं झाली ती कुत्री उचलायची की सोडायची आणि त्यांना खायला कुठं घालायचं यावर. त्याच आदेशातली एक सूचना बातम्यांच्या तळाशी राहिली. ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्याला ओळखीची खूण लावून ते त्याच्या हवाली करावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराचीच राहील, अशी ती सूचना. माझा सगळा रोख तिच्या शेवटच्या अटीवर आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ती अट पाळण्याचा भार जवळजवळ पूर्णपणे त्या एका घरावर येतो. म्हणून कुत्रं आणायचं की नाही, हे घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून, पुढच्या दहा-बारा वर्षांचा हिशेब मांडून ठरवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

भार एका घरावर का येतो, ते आधी पाहू. मुंबईत परळला प्राण्यांचं मोठं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. पुण्या-मुंबईत रात्री-बेरात्री कुत्र्याला तपासणारे डॉक्टर सापडतात, गावाला जाताना पैसे देऊन कुत्रं ठेवायची सोय असते, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं काही केल्या घरात रुळलंच नाही तर ते परत घेऊन दुसरं घर शोधणारी माणसंही असतात. आपल्या १३ तालुक्यांत हा आधार फार विरळ आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची घडी बसली ती गाय, म्हैस, बैल आणि शेळीसाठी. लाळ्या-खुरकुताची लस, घटसर्प, फऱ्या, कृत्रिम रेतन, अलीकडे लम्पी, यातून तिथल्या डॉक्टरांना उसंत मिळणं कठीण. तशातही ते कुत्र्याला बघतात, लस देतात, टाके घालतात. पण पायाचं हाड मोडलं, रक्ताच्या तपासण्या करायच्या झाल्या, पोटात पिल्लू अडलं, तर अनेकांना अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा किंवा त्याहून लांबचा रस्ता धरावा लागतो. घाटाखालच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून निघा नाहीतर घाटावरच्या लोणार-सिंदखेडराजाहून, आजारी जनावर घेऊन गाडी करून जायचं म्हणजे एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेलीच.

या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हिशेबाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बैलजोडी घेण्याआधी तो घरात कुटार किती आहे, गोठ्यात जागा आहे का, उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं, हे सगळं पाहतो. बैलाचे डोळे फार भाबडे दिसले म्हणून कुणी बैल घेत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होतं. पावसात कुडकुडणारं पिल्लू दिसतं, पोरं हट्ट धरतात आणि ते घरात येतं. त्या क्षणातली माया खरीच असते, तिच्यावर माझा काही आक्षेप नाही. पण घरात नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा-तेरा वर्षं सहज जगतं. ज्या पोराच्या हट्टापायी ते आलं तो तोवर बारावी होऊन शिकायला बाहेरगावी गेलेला असतो. मधल्या काळात घरात एखादं लग्न होतं, बाळंतपण होतं, नोकरदार माणसाची दोन-तीनदा बदली होते, भाड्याचं घर बदलतं आणि नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. हे काही अचानक कोसळणारं संकट नव्हे. बहुतेक घरांत घडणाऱ्या आणि आधीच दिसणाऱ्या या गोष्टी आहेत, आणि कुत्रं सुटतं ते बहुधा अशाच एखाद्या वळणावर.

सुटका करून आणलेल्या कुत्र्याचे पहिले दिवस वेगळ्याच कसोटीचे असतात, कारण लोकांनी मनात धरलेलं चित्र आणि समोरचं कुत्रं यांचा मेळ बसत नाही. आपण त्याला वाचवलं, आता ते शेपूट हलवत मागं-मागं फिरेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मार खाल्लेलं मोठं कुत्रं पहिले तीन-चार दिवस कॉटखालून बाहेर येत नाही, आपल्या देखत खात नाही, कुणी केरसुणी उचलली तरी अंग चोरून भिंतीला चिकटतं. कोपऱ्यात घाण करतं. कुणी प्रेमानंसुद्धा वरून डोक्यावर हात नेला तर गुरगुरतं, क्वचित दातही लावतं. कुत्र्यांचं पुनर्वसन करणारे लोक एक ढोबळ अंदाज सांगतात: भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि हे आपलंच घर असा भरवसा बसायला तीन महिने. काहींना वर्षही लागतं. पिल्लाची गोष्ट निराळी असली तरी सोपी नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याला माणसं, आवाज, इतर जनावरं यांची जी ओळख होते तीच त्याच्या पुढच्या स्वभावाचा पाया ठरते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये, आणि आणल्यावर अंगणात एकटं बांधून ठेवू नये. दिवसभर खुंट्याला बांधलेलं पिल्लू दीड वर्षानं येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेप घेतं, तेव्हा घरातले म्हणतात की कुत्रं वाईट निघालं.

शरीराची निगा रोजची असते. घाटाखाली मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. ते जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडखाली साखळीनं बांधलेलं कुत्रं अशा दुपारी तासा-दोन तासांत मरू शकतं. अनेक गावांत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. तिथं त्याच्या भांड्यासाठी पाणी कोण राखून ठेवणार, हा प्रश्न किरकोळ नाही. रोज संध्याकाळी त्याच्या अंगावरून हात फिरवायचा तो लाडापुरता नसतो. गोचीड कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बसते. सुरुवातीला ती तिळाएवढी असते, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगते. तिच्यामुळं ताप भरतो, कुत्रं खाणं सोडतं, ओठ वर करून पाहिलं तर गुलाबी हिरड्या पांढुरक्या पडलेल्या दिसतात. तेव्हा उद्या बघू म्हणून चालत नाही. खाण्याचंही तसंच आहे. शिळी पोळी आणि पातळ दूध यावर कुत्रं जगतं, पण भरत नाही. त्याला अंडी, मांस, डाळ अशी काहीतरी प्रथिनं लागतात, आणि कांदा, द्राक्षं-मनुका, चॉकलेट, शिजवलेल्या कोंबडीची टोकदार हाडं यांपासून त्याला दूर ठेवावं लागतं.

लसीकरणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं एका घराचा आळस साऱ्या गल्लीला भोवतो. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची पहिली लस द्यायची असते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तिचे पुढचे डोस. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यायची आणि ती पुढं नेमानं देत राहायची. लोक याला ‘रेबीजचं इंजेक्शन’ म्हणतात आणि एकदा दिलं की संपलं समजतात. ते संपत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, ही वैद्यकशास्त्राची आजही न बदललेली स्थिती आहे. सरकारी नोंदींनुसार २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावण्याच्या सुमारे ३७ लाख घटना घडल्या. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस सुरू करायची, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कुत्रं असलेल्या घरात तर भिंतीवर लिहून ठेवावं. पाळलेल्या कुत्र्याचा एक फायदा असा, की चावल्यानंतर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते. पण त्यासाठी ते दहाव्या दिवशी घरात सापडलं पाहिजे. गावभर हिंडणारं आणि फक्त रात्री भाकरीला येणारं कुत्रं कागदावर पाळीव असलं तरी त्याचा हा उपयोग होत नाही.

जिल्ह्याच्या भूगोलातून आणखी एक जबाबदारी येते. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा आहे, लोणारच्या विवरातही अभयारण्य आहे. या जंगलांच्या कडेनं शेकडो वावरं आहेत आणि रोही-रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर जाणारा माणूस कुत्रं सोबत नेतो. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या अन्नात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. रात्री झोपडीबाहेर साखळीनं बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, आणि त्याच्या मागानं बिबट्या घरापर्यंत येतो. जंगलाकाठी कुत्रं पाळायचं तर रात्री त्याला दार असलेली बंद जागा हवी. हा धोका उलट दिशेनंही वाहतो. लस न दिलेल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांत आणि मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांत जाऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि मेलेल्यांपैकी काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला. बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या घाटात जंगलातूनच जातो. घरात नकोसं झालेलं कुत्रं अशा ठिकाणी सोडून येणं म्हणजे त्याच्या जिवाशी आणि जंगलाशीही खेळ आहे.

मग कायदा काय करतो? प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न सोडणं, आणि उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं, हे सगळं त्याच्या अकराव्या कलमात गुन्हा ठरवलं आहे. कलम चांगलं आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी ही रक्कम बोचत असेल. आज तिच्या धाकानं कुणाचं पाऊल थांबेल असं समजणं भाबडेपणाचं होईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी मालकाच्या अंगावर टाकली, त्याचीही अंमलबजावणी कागदावर राहिली तर कोण विचारणार? दत्तक कुत्र्याचं भवितव्य दंडाच्या भीतीवर उभं राहू शकत नाही. ते राहतं घरातल्या बंदोबस्तावर.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो खराच जड आहे. इतक्या अटी घातल्या तर कुणी कुत्रं नेणारच नाही आणि ते रस्त्यावर मरेल. अर्धवट का होईना, घर मिळालेलं काय वाईट? रस्त्यावरचं मरण ही कल्पना नाही, हे मान्य करावंच लागतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि मनाबी पॉल यांच्या गटानं ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. त्यांचा २०१६ सालचा निष्कर्ष असा, की वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागं या ना त्या प्रकारे माणूस होता. पण हेच आकडे नीट वाचले तर घाईच्या दत्तकाविरुद्ध जातात. जी थोडी कुत्री रस्त्यावर जगतात ती काही शिकून जगतात: कोणत्या दारात भाकरी मिळते, ट्रकचा आवाज किती जवळ आला की बाजूला व्हायचं, शेजारच्या टोळीची हद्द कुठं सुरू होते. वर्षभर घरात राहिलेल्या कुत्र्याला यातलं काहीच येत नाही. त्याला परत सोडलं की परकी टोळी फाडायला उठते, आणि ते प्रत्येक थांबलेल्या मोटारसायकलीकडे आपला माणूस समजून धावतं. आधी होता तो ठावही गेला आणि घरही गेलं. सोडलेल्या कुत्र्याची अवस्था न आणलेल्या कुत्र्याहून वाईट होते, म्हणून मी अर्धवट घराला घर म्हणायला तयार नाही.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा. आमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री होती, शिळ्या भाकरीवर वाढली, कुणी लस दिली नाही की पट्टा बांधला नाही. या आठवणीत खरेपणा आहे. ती कुत्री मोकळी होती, साऱ्या आळीची होती, दहा घरांतून खायची आणि कुणा एकावर त्यांचा भार नव्हता. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सांगणारा हा समाज आहे. कुत्र्याला घास घालणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण किती पिल्लं मेली आणि पिसाळलेल्या कुत्र्यानं किती माणसं नेली, हे त्या आठवणीत उरत नाही. शिवाय ती आळी आता राहिली नाही. अंगणाला कंपाउंड आलं, रस्त्यावर भरधाव गाड्या आल्या, आणि दहा घरांचं कुत्रं एका फाटकाआड बंद झालं. मोकळेपणा काढून घेतला की त्यानं मिळणाऱ्या सगळ्या गोष्टी, खाणं, फिरणं, सोबत, त्या एका घरालाच पुरवाव्या लागतात. जुन्या पद्धतीनं ठेवायचं आणि नव्या पद्धतीनं बांधायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

तिसरा आक्षेप ऐकताना मान खाली जाते. ज्या पश्चिम विदर्भात सोयाबीन-कपाशीच्या भावानं आणि कर्जानं माणसं जीव देतात, त्यात बुलढाणाही आहे. तिथं कुत्र्याच्या लसीची भाषा करणं शोभतं का? याला माझं उत्तर असं, की दत्तक घेणं हे कुणाचंही कर्तव्य नाही. ज्याच्या घरात आज चणचण आहे त्यानं कुत्रं आणू नये, आणि त्याबद्दल त्याला कुणी निर्दयी म्हणू नये. पण बांधिलकी पैशावर ठरते हेही खरं नाही. मेंढपाळाचं कुत्रं पाहावं: ते मालकाबरोबर चालतं, मालक खातो त्यातलं खातं, आणि म्हातारं झालं तरी कळपामागं असतं. उलट हजारो रुपये मोजून आणलेलं लॅब्रॅडॉर वा जर्मन शेफर्ड आजारी पडलं की रस्त्यावर दिसतं. शिवाय रेबीजचा मार सगळ्यात आधी बसतो तो उघड्या अंगणात झोपणाऱ्या, कामाला पायी जाणाऱ्या आणि चावल्यावर दवाखान्याचे फेरे परवडत नसलेल्या माणसाला. कुत्र्याच्या लसीची भाषा त्याच्याच बाजूची आहे.

ज्याला कुत्र्यांविषयी कळवळा आहे पण बारा वर्षांची हमी देता येत नाही, त्याला करण्यासारखं पुष्कळ आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. इतक्यांना घरं मिळणार नाहीत, हे स्वच्छ आहे. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर तिथली रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या गल्लीतल्या दहांपैकी सात कुत्र्यांना विश्वासात घेऊन लसीसाठी धरून देणारा माणूस एका दत्तकाहून मोठं काम करतो. २८ सप्टेंबरला, रेबीज दिनी, अनेक सरकारी दवाखान्यांत मोफत लस मिळते. त्या दिवशी चार तरुणांनी दोऱ्या आणि बिस्किटं घेऊन निघावं. एका मादीची नसबंदी झाली की पुढच्या कित्येक वेतांचा प्रश्न सुटतो. त्यासाठी नगरपरिषदेकडे लेखी मागणी करता येते, कारण हे काम २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थेवरच सोपवलं आहे.

आता पुन्हा त्या अर्जाकडे येतो. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव अशा नगरपरिषदांनी दत्तकासाठी अर्ज घ्यायला सुरुवात केली, तर तो नाव, पत्ता आणि सहीचा कोरा नमुना असू नये. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती, दिवसा घरी कोण असतं, रात्री कुत्रं कुठं झोपणार, पहिली लस कोणत्या दवाखान्यात आणि नसबंदी कोणत्या महिन्यात, हे त्यात असावं. तीन महिन्यांनी पालिकेच्या माणसानं घरी जाऊन लसीचं कार्ड आणि कुत्रं, दोन्ही पाहावं. घडी बसलीच नाही तर ठरलेल्या मुदतीत लाज न बाळगता परत देण्याची सोय असावी; गुपचूप घाटात सोडण्यापेक्षा ते हजारपट बरं. आणि अर्जावर दोन सह्या घ्याव्यात. पहिली कुत्रं मागणाऱ्याची. दुसरी अशा माणसाची, जो त्याच घरातला नाही, पण पहिला आजारी पडला, बदलून गेला किंवा पेरणीच्या दिवसांत आठवडाभर वावरातच अडकला, तर कुत्र्याला आपल्याकडे नेईल. ही दुसरी सही द्यायला गावात कुणी तयार होत नसेल, तर तो अर्ज तूर्त बाजूला ठेवावा.